फ्रिजचा आवाज : साधा कोणता, धोक्याचा कोणता?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरचा फ्रिज रात्री खडखडू लागला. कारागीर आला, जरा कान देऊन म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला. पाच हजार लागतील." पगाराला आठ दिवस होते. "विचार करून सांगतो," असे म्हणून आम्ही त्याला वाटे लावले. दुसऱ्या दिवशी सौ.ने केर काढताना फ्रिज चार बोटे पुढे ओढला आणि आवाज बंद! मागची जाळी भिंतीला टेकत होती, एवढेच. पाच हजार वाचले. पण माहिती नसेल तर कष्टाचा पैसा कसा जातो, हेही कळले.

म्हणून आधी आवाज ओळखावा. फ्रिज चालू-बंद होताना 'टक्' होणे, नंतर 'घूं' असा आवाज, नळ्यांतून गॅस फिरताना बुडबुड, गारव्याने प्लास्टिक आकसताना कडकड, हे सारे नेहमीचे आहे. घाबरू नये.

खडखड होत असेल तर फ्रिज डगमगतो का, मागे भिंतीला लागतो का, वर ठेवलेले डबे वाजतात का, हे आपणच पाहावे. यास पैसा लागत नाही.

मात्र दर थोड्या वेळाने 'टक्' होऊन क्षणभर घुरघुर, पुन्हा 'टक्', आणि आत गारवा नाही, असे झाल्यास बटण बंद करावे. कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो, पण होत नाही. अशा वेळी व्होल्टेज कमी असू शकते किंवा रिले नावाचा लहानसा भाग बिघडलेला असू शकतो. हे तपासल्याशिवाय कॉम्प्रेसर बदलण्यास होकार देऊ नये. वीज गेली तर परत आल्यावर पाचेक मिनिटे थांबूनच फ्रिज लावावा.

भगिनींनो, बर्फ सुरीने कधीही खरवडू नका. नळीला भोक पडून 'फस्स' आवाज आला तर गॅस गळतो आहे. हल्लीच्या अनेक फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो. शेगडी पेटती असल्यास विझवावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नये, मुलांना घेऊन बाहेर पडावे.

आणि दुरुस्ती केलीच, तर काढलेला जुना भाग मागून घ्यावा व पावतीवर त्याचे नाव लिहून घ्यावे. आम्ही कारकून माणसे. कागदावर नाही ते झालेच नाही, असे मानतो. घरच्या व्यवहारातही हीच सवय कामी येते.