कोंझा : चकमकीने राखलेला माळ

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या ईशान्य भागात, मॅनहॅटन शहराच्या दक्षिणेला कोंझा प्रेअरी हा सुमारे ३५ चौरस किलोमीटरचा माळ आहे. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागात एके काळी पसरलेल्या उंच गवताच्या प्रेअरीपैकी आज जेमतेम चार टक्के शिल्लक आहे आणि तिचा मोठा हिस्सा, कोंझा ज्यांत येतो त्या फ्लिंट हिल्स टेकड्यांत सापडतो. इथे माती पातळ, खाली चुनखडी आणि तिच्यात चकमकीचे थर. नांगर चालेना, म्हणून गवत वाचले. सपाट, सुपीक जमिनीवरची प्रेअरी मात्र मका-सोयाबीनखाली गेली, ही भरून न येणारी हानी आहे.

संशोधनासाठी १९७१ पासून राखलेल्या कोंझा माळाचे तुकडे पाडले आहेत. काही दरवर्षी, काही दोन किंवा चार वर्षांनी, तर काही वीस वर्षांनी जाळतात. १९८७ मध्ये बायसनही परत आणले. त्यामुळे एका तुकड्यात मोकळी जमीन, तर शेजारी वाळल्या गवताचा जाड थर आढळतो. कोळ्यांना हा फरक फार मोठा; जाळे ताणायला उभ्या काड्या लागतात, जमिनीवरच्या शिकाऱ्यांना दडायला पाचोळा लागतो.

हा फरक अभ्यासण्यासाठी इथे कोळी गोळा करायचे तर परवानगी लागते. उन्हाळा सरताना बिग ब्लूस्टेम गवत पुरुषभर उंच होते, तेव्हा काळ्या-पिवळ्या आर्जिओपी कोळ्याच्या माद्या पूर्ण वाढलेल्या असतात. गोल जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी पट्टी आणि तिच्यावर डोके खाली करून बसलेली मादी. आर्जिओपी वंशातले तिचे वेगळ्या प्रजातींचे भाईबंद महाराष्ट्रातल्या बांधांवरही दिसतात. गवताच्या शेंड्यांवरून जाड कापडाची जाळी झपाझप फिरवली की खेकडा कोळी आणि उड्या मारणारे कोळी हाती लागतात. दव असताना हे करू नये, ओल्या जाळीत नाजूक कोळी चिरडतात. जमिनीवरच्या कोळ्यांसाठी पेला काठापर्यंत मातीत पुरतात, म्हणजे ते त्यात पडतात. लांडगा कोळ्यांसाठी रात्रच बरी. विजेरी आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरली की गवताच्या बुडाशी त्यांचे डोळे हिरवट ठिपक्यांसारखे चमकतात. जवळ गेल्यावर पाठीवर पिल्लांचा झुबका घेतलेली मादीही दिसते. तिला सोडून देणेच योग्य.

नमुने सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. रंगावरून प्रजाती ठरवणे धोक्याचे. पूर्ण वाढलेल्या कोळ्याची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. म्हणून पिल्लांची ओळख बहुधा कुळापाशीच थांबते. कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालतात : ठिकाण, तारीख, पकडण्याची रीत, तो तुकडा शेवटी कधी जळला आणि तिथे बायसन चरतात का.