भारयुक्त कृत्रिम माशी

भारयुक्त कृत्रिम माशी म्हणजे गळाच्या दांडीवर धातूची तार गुंडाळून किंवा धातूचा मणी बसवून, त्यावर दोरा, पिसे, केस व कृत्रिम तंतू बांधून तयार केलेले मासेमारीचे आमिष होय. पाण्याच्या तळाजवळ वावरणाऱ्या कीटकांचे व लहान कवचधारी प्राण्यांचे रूप या आमिषात साधलेले असते. ट्राउट माशाच्या मासेमारीत या प्रकारातील दोन नमुने विशेष प्रचलित आहेत : कॅडिस माशीच्या कोशाची प्रतिकृती आणि स्कड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातील अँफिपॉड प्राण्याची प्रतिकृती. भारतात ट्राउट काश्मीर, हिमाचल प्रदेश, निलगिरी यांसारख्या थंड प्रदेशांत आढळतो. महाराष्ट्रातील नद्यांत तो नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील सह्याद्रीच्या ओढ्यांत मात्र कॅडिस माश्या व त्यांवर जगणारे स्थानिक मासे आहेत.

नैसर्गिक जीव

कॅडिस माशी ही ट्रायकोप्टेरा गणातील कीटक असून तिचे पूर्ण रूपांतरण होते. अंडे, अळी, कोश व प्रौढ अशा तिच्या चार अवस्था आहेत. पहिल्या तीन अवस्था बहुतेक जातींत पाण्यातच जातात. अळी तोंडातून रेशमासारखा धागा काढते. काही जाती त्या धाग्याने वाळूचे कण, काटक्या किंवा पानांचे तुकडे जोडून स्वतःभोवती नळीसारखे घर तयार करतात, तर हायड्रोप्सायकिडी कुलातील अळ्या दगडांच्या फटींत जाळे विणून प्रवाहाबरोबर येणारे अन्न गाळून घेतात.

कोशावस्था बंद घरात पार पडते व ती साधारणतः दोन ते तीन आठवडे टिकते. त्यानंतर कोश आपल्या जबड्यांनी घर कापून बाहेर पडतो आणि केसाळ मधल्या पायांनी वल्हवत पृष्ठभागाकडे जातो. तळापासून पृष्ठभागापर्यंतच्या या प्रवासात त्याला लपण्यास जागा नसते. याच वेळी मासे त्याला मोठ्या संख्येने टिपतात, म्हणून कृत्रिम माशी बांधताना अळीइतकेच कोशालाही महत्त्व दिले जाते. कोशाचे उदर फुगीर व किंचित वाकलेले असते, पंखांच्या पिशव्या दोन्ही बाजूंनी पोटाकडे झुकलेल्या असतात आणि लांब शृंगिका मागे वळलेल्या असतात. रंग मळकट पांढरा, हिरवा, पिवळसर तपकिरी किंवा गडद तपकिरी असतो.

स्कड हा कीटक नसून कोळंबी व खेकडा यांच्याप्रमाणे कवचधारी उपसंघातील प्राणी आहे. गॅमॅरस प्रजातीतील स्कड समशीतोष्ण प्रदेशांतील चुनायुक्त पाण्यात, पाणवनस्पतींच्या आश्रयाने विपुल असतात. त्यांची लांबी सामान्यतः ५ ते २० मिलिमीटर असते. शरीर दोन्ही बाजूंनी दबलेले असल्यामुळे ते पुष्कळदा कुशीवर पोहतात. त्यांच्यातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे त्यांवर पोसलेल्या ट्राउटचे मांस गुलाबी होते. जिवंत स्कड करडा, हिरवट किंवा तपकिरी असतो, तर मेलेला नारिंगी दिसतो. पोम्फोऱ्हिंकस लीव्हिस या परजीवी कृमीची लागण झालेल्या स्कडच्या शरीरात नारिंगी ठिपका दिसतो आणि तो उजेड टाळण्याऐवजी उजेडाकडे जाऊ लागतो. त्यामुळे तो माशाच्या तोंडी सहज पडतो व परजीवीला पुढील आश्रयदाता मिळतो. स्कडच्या काही कृत्रिम नमुन्यांत मध्यभागी नारिंगी पट्टा देतात, तो या ठिपक्याची नक्कल होय.

भार देण्याचे कारण

ट्राउट आपले बरेचसे अन्न पाण्याखाली घेतो. वाहत्या ओढ्यात तळाजवळचा वेग पृष्ठभागापेक्षा कमी असतो, त्यामुळे मासा तेथे कमी श्रमात उभा राहतो आणि प्रवाहाबरोबर येणारे अन्न टिपतो. केवळ केस व पिसे बांधलेला गळ तेथे पोहोचण्यापूर्वीच वाहून जातो. तो योग्य खोलीवर लवकर पोहोचावा म्हणून भार दिला जातो.

भार म्हणून वापरल्या जाणाऱ्या धातूंची घनता पुढीलप्रमाणे आहे : पितळ सुमारे ८.५, तांबे ८.९, शिसे ११.३ आणि टंगस्टन १९.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. पाण्याचे उद्धरण वजा केल्यास समान आकाराच्या टंगस्टनच्या मण्याचे पाण्यातील वजन पितळेच्या मण्याच्या सुमारे अडीच पट भरते. ४ मिलिमीटर व्यासाच्या, छिद्र नसलेल्या टंगस्टनच्या गोळ्याचे वस्तुमान सुमारे ०.६५ ग्रॅम, तर तेवढ्याच पितळी गोळ्याचे सुमारे ०.२८ ग्रॅम असते. माशीचा आकार न वाढवता ती खोल नेता येते, हा टंगस्टनचा मुख्य लाभ आहे.

भार कोठे आहे यावर माशीची पाण्यातील स्थिती ठरते. मणी नेढ्यापाशी असेल तर माशी डोके खाली करून बुडते, आणि दोर ताणताच वर उठते. ही हालचाल पृष्ठभागाकडे निघालेल्या कोशासारखी दिसते. तार दांडीच्या मध्यावर गुंडाळल्यास माशी आडवी बुडते व ती स्थिती स्कडला अधिक साजेशी असते. दांडीच्या पाठीवर पुरेशी तार आडवी बांधल्यास गळ उलटतो आणि त्याचे टोक वर राहते, त्यामुळे तो दगडांत व शेवाळात कमी अडकतो.

साहित्य व बांधणी

बांधणीसाठी व्हाइस नावाचा छोटा शेगडा, दोऱ्याची रीळ अडकवण्याची नळी, बारीक टोकाची कात्री आणि सुई एवढी साधने पुरतात. दोन्ही नमुन्यांसाठी बाकदार दांडीचा, साधारणतः १२ ते १६ क्रमांकाचा गळ घेतात. गळांच्या क्रमांकपद्धतीत क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान असतो.

कॅडिस कोश बांधताना प्रथम गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करतात व टोकाकडून मणी ओवून नेढ्यापर्यंत सरकवतात. मण्यामागे बारीक तारेचे आठ ते दहा वेढे देऊन ते मण्याच्या पोकळीत ढकलतात, म्हणजे मणी हलत नाही. तारेवरून दोरा गुंडाळून तिचा उतार गुळगुळीत केला जातो. बाकाकडील टोकाला तांब्याची केसासारखी तार बांधून ठेवतात. सशाच्या तोंडावरील केस व चमकदार कृत्रिम तंतू एकत्र पिंजून ते दोऱ्यावर विरळ पिळतात आणि मागून पुढे गुंडाळून उदर तयार करतात. मग तांब्याची तार उलट दिशेने पाच-सहा वेढ्यांत पुढे आणतात. त्यामुळे उदराचे खंड दिसतात आणि माशाच्या दातांपासून बांधणीचे रक्षण होते. दोन्ही बाजूंना गडद पिसाचे लहान तुकडे पंखांच्या पिशव्यांसाठी बांधतात, तितराच्या मऊ पिसाचा एक वेढा पायांसाठी देतात, मण्यामागे गडद केसांची गळपट्टी करतात आणि शेवटी गाठ मारून तीवर व्हार्निशचा थेंब सोडतात.

स्कडच्या बांधणीत मणी सहसा नसतो. दांडीवर तार गुंडाळून ती पक्कडीने दोन्ही बाजूंनी दाबतात, म्हणजे माशीचे शरीर नैसर्गिक प्राण्यासारखे चपटे होते. मागे पिसाच्या काही तंतूंची आखूड शेपटी, प्लॅस्टिकची सुमारे ३ मिलिमीटर रुंद पारदर्शक पट्टी आणि नायलॉनचा बारीक धागा बांधून ठेवतात. दांडीवर केसांचे मिश्रण गुंडाळल्यावर पट्टी पाठीवरून पुढे ओढून बांधतात आणि धाग्याचे वेढे तिच्यावरून देतात. या वेढ्यांमुळे पाठीच्या कवचाचे खंड उमटतात. अखेरीस सुईने पोटाकडचे केस खाली ओढून पाय दाखवले जातात. पाठीकडे निसटलेले केस कापणे आवश्यक असते, कारण ते राहिल्यास आकृती स्कडची न राहता केसाळ अळीची दिसू लागते.

नवशिक्यांकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे नेढ्याजवळ साहित्याची गर्दी करणे. नेढे झाकले गेले की दोर ओवता येत नाही. म्हणून नेढ्यामागे सुमारे एक मिलिमीटर दांडी सुरुवातीपासून मोकळी ठेवतात.

विकास

इंग्लंडमधील एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर यांनी दोऱ्याऐवजी तांब्याच्या तारेनेच माशी बांधण्याची पद्धत रूढ केली, त्यामुळे बांधणी व भार ही दोन्ही कामे एकाच तारेने होऊ लागली. अमेरिकेतील गॅरी लाफाँटेन यांनी पाण्यात उतरून कॅडिस कोशांचे निरीक्षण केले व त्यांच्या त्वचेभोवती चमकणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांची नक्कल करण्यासाठी चमकदार कृत्रिम तंतूंचा वापर सुचवला. त्यांचा कॅडिस माश्यांवरील ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. पोलंड व तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील स्पर्धकांनी जड माश्या आखूड दोराने तळाजवळून वाहू देण्याची पद्धत जागतिक स्पर्धांतून प्रसिद्ध केली.

शिसे हे स्वस्त व मऊ असल्यामुळे दीर्घकाळ वापरात होते. तथापि, तुटून पडलेले शिशाचे तुकडे खाऊन हंसांना विषबाधा होते असे दिसून आल्यावर ब्रिटनमध्ये १९८७ साली ०.०६ ग्रॅमपेक्षा जड व सुमारे २८ ग्रॅमपर्यंतच्या मासेमारीच्या शिसे-भारांच्या विक्रीवर बंदी आली. त्यानंतर शिसेविरहित तार व टंगस्टनचे मणी यांचा प्रसार वाढला.

भारतातील स्थिती

ट्राउट हा मूळ भारतीय मासा नाही. काश्मीरमध्ये १९०० साली ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांपासून तपकिरी ट्राउटची पैदास सुरू झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निलगिरीत इंद्रधनुषी ट्राउट स्थिरावला व हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यातही ट्राउटची पैदास सुरू झाली.

भारतीय द्वीपकल्पात गळाच्या मासेमारीची परंपरा मात्र याहून बरीच जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद हे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य, गळ, दोर व काठी यांची माहिती आहे. कोल्हापूरचे शिलाहार हे या चालुक्यांचे मांडलिक होते.

कोल्हापूर परिसर

कोल्हापूर जिल्ह्यात ट्राउट नसण्याचे मुख्य कारण पाण्याचे तापमान हे आहे. ट्राउटला साधारणतः १० ते १८ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. २० अंशांच्या पुढे त्याच्यावर ताण येतो आणि २५ अंशांच्या आसपास तो फार काळ तग धरू शकत नाही. पाणी तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायूही घटतो : १० अंशांना लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरील कोल्हापूरच्या नद्या उन्हाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडतात.

पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचे, तसेच दूधगंगा, वेदगंगा व हिरण्यकेशी यांचे वरचे प्रवाह खडकाळ आहेत. अशा प्रवाहांत दगड उलटून पाहिल्यास कॅडिस अळ्यांची जाळी व वाळूची घरे आढळतात. स्कडची जागा येथे प्रामुख्याने गोड्या पाण्यातील लहान कोळंबी घेते. त्यामुळे कोशाचा नमुना येथील निसर्गाशी जुळतो, तर स्कडचा नमुना आखूड कोळंबीसारखा बांधावा लागतो.

कृष्णा खोऱ्यातील प्रसिद्ध मासा म्हणजे दख्खन महसीर. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हा मासा कीटक, कवचधारी प्राणी, शेवाळ व फळे असे विविध अन्न खातो. लोणावळ्याजवळील वळवण तलावावर टाटा समूहाच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास केली आहे. ही पैदास यशस्वी ठरली, तरी तिचा एक परिणाम सावधगिरीचा इशारा देणारा आहे. दख्खन महसीरची पिल्ले कावेरी नदीत सोडल्यानंतर तेथील स्थानिक वशिंडधारी महसीरची संख्या घटत गेली. तो मासा २०१८ पासून अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. एकाच गटातील मासा एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेल्यानेही असे घडू शकते, त्यामुळे हौसेखातर परका शिकारी मासा ओढ्यात सोडण्याचा धोका स्पष्ट होतो. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ आंबोली येथे २०२० साली शिस्टुरा हिरण्यकेशी या दगडांत राहणाऱ्या लहान माशाची नवीन जाती म्हणून नोंद झाली व २०२१ साली त्या स्थळाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

नदीच्या आरोग्याशी संबंध

कॅडिस, मेफ्लाय व स्टोनफ्लाय या तीन गणांच्या अळ्या पाण्याच्या गुणवत्तेच्या निर्देशक मानल्या जातात. घर बांधणाऱ्या अनेक कॅडिस जातींना स्वच्छ व प्राणवायूयुक्त पाणी लागते, तर जाळे विणणाऱ्या काही जाती मध्यम प्रदूषणही सहन करतात. सह्याद्रीतील वरच्या प्रवाहांकडून सांडपाणी मिसळलेल्या व जलपर्णी माजलेल्या खालच्या पंचगंगेकडे येताना प्रवाह संथ होतो, तळावर गाळ बसतो व या कीटकांना आवश्यक असलेले स्वच्छ दगड नाहीसे होतात. माशी बांधण्यापूर्वी दगड उलटून त्याखालील जीव पाहण्याची गळवाल्यांची जुनी रीत आणि नदीची गुणवत्ता तपासण्याची जीवशास्त्रीय पद्धत यांची सुरुवात त्यामुळे एकच आहे. पाहणीनंतर दगड पुन्हा मूळ जागी, मूळ बाजूने ठेवणे आवश्यक असते, कारण त्याखालील अळ्या व कोश उघडे पडल्यास वाहून जातात.