एक जोडी वाजणारी, एक जोडी गप्प

पहाटे 5.30. काल रात्री कातडे ओले करून फडक्यात गुंडाळून ठेवले होते. उठल्याबरोबर ते गालाला लावून पाहतो. कातडे कापायची रापी धरून हाताचे तळवे राठ झालेत, त्यांना ओल कळत नाही, गालाला कळते. गार लागले, पण गाल ओला झाला नाही, म्हणजे कातडे कापायला तयार.

हे बाबांनी शिकवले. बाबांनी गोंदियात रस्त्याकडेच्या पत्र्याच्या टपरीत गटईकामात सारा जन्म काढला. पोळा जवळ आला की ते बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचे पट्टे करत. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, पट्ट्यांची मागणी आटली. मी बुटावर चढवायचे साखळीचे पट्टे करू लागलो. काम तेच आहे. तेव्हा पट्टा बैलाच्या मानेला बसायचा, आता माणसाच्या घोट्याशी बसतो.

आज दोन जोड्या द्यायच्या आहेत. एक नाटकातल्या खलनायकाची, ती वाजलीच पाहिजे. दुसरी बुलेट चालवणाऱ्या एका ताईची, ती अजिबात वाजता कामा नये.

सकाळी 7. कापणी. कातडे म्हशीचे, नागपूरहून आणलेले. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे जाड कामाला म्हशीचेच घेतो. पट्टा नेहमी पाठीच्या भागातून, कण्याच्या रेषेने कापायचा. पोटाकडचे कातडे स्वस्त पडते, पण ओढले की लांबते आणि महिन्याभरात पट्टा बुटावर लोंबायला लागतो. जाडी तीन मिलिमीटर. रापी एका दमात खाली यायला हवी. मध्ये थांबली तर तिथे कड चावल्यासारखी दिसते.

एका बुटाला दोन कड्या लागतात, घोट्याच्या हाडाखाली आत-बाहेर एकेक. दोन्ही कड्यांना जोडणारे पट्टे तीन: एक पायाच्या उंचवट्यावरून, एक टाचेमागून, एक तळव्याखालून. तळव्याखालचा पट्टा टाचेच्या पुढच्या खळग्यात बसतो, म्हणून बुटाला टाच हवी. सपाट तळाच्या बुटाला मी पट्टा करून देत नाही. तो जमिनीला घासून तुटतो आणि माणूस पडतो. बक्कल बाहेरच्या अंगाला. आत असले तर चालताना दुसऱ्या बुटाला घासते.

सकाळी 9.30. हार्डवेअरच्या दुकानातून साखळी. ती फुटावर मिळते. इथे मी एकदा मोठा फटका खाल्ला आहे. पहिल्या वर्षी साधी लोखंडी साखळी लावून सहा जोड्या दिल्या. पावसाळा लागला आणि साखळी टेकेल तिथे कातड्यावर काळे डाग उमटले, पुसून न जाणारे. बाबांनी डाग पाहिला आणि म्हणाले, "हिरड्याचं कातडं हाय बा, लोखंडाशी त्याचं जमत नाही."

हिरडा आणि बाभळीच्या सालीत कातडे कमावतात. त्यात जो तुरटपणा असतो, त्याला ओलसर लोखंड भेटले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी याच मेळातून शाई करत. गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीत बसले की हिरडामाली स्टेशन लागते, नावातच हिरडा आहे. ती पाटी किती वेळा वाचली असेन, पण त्या फळाची ताकद मला सहा जोड्या परत आल्यावर कळली. लिंबाने डाग थोडा उजळतो, पूर्ण जात नाही. सहाही जोड्या नव्याने करून दिल्या. तेव्हापासून स्टेनलेस स्टील नाहीतर पितळ.

सकाळी 11. अर्जुनीकडच्या गाडीने नट आला. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि रात्री नाटक, थेट उजाडेपर्यंत. लोक धान कापून दमलेले असतात, तरी नाटक सोडत नाहीत. वर टांगलेले माईक, समोर जमिनीवर बसलेला अख्खा गाव. खलनायक दिसायच्या आधी त्याची चाल ऐकू आली पाहिजे, असे नटाचे म्हणणे. मला ते शंभर टक्के पटते.

दुकानात मी लाकडी फळी ठेवली आहे. त्याने बूट घालून तिच्यावर पाय आपटला. चपटी, घट्ट कड्यांची साखळी खरखरते. लांबट, मोकळ्या कड्यांची खणखणते. तीन साखळ्या बदलल्या. शेवटी लांब कडीची, थोडी जड, दोन पदरांची ठरली. खालचा पदर वरच्यापेक्षा बोटभर लांब ठेवला, म्हणजे पाऊल टेकताना दोन्ही एकमेकांवर आपटतात. तो म्हणाला, "भाऊ, आता मले तोंड उघडाची गरजच नाही!"

दुपारी 1. भात, लाखोरीची डाळ, लसणाची चटणी. अर्धा तास पाठ टेकतो.

दुपारी 2. शिलाई. दिवसातले हे काम मला सगळ्यात प्रिय. एकच दोरा, दोन्ही टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचे आणि त्या एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून न्यायच्या. मशीनच्या शिलाईत एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात. या शिलाईत एक तुटला तरी बाकीचे जागेवर राहतात. दोऱ्याला मेण चोळलेले असते, तो भोकात करकरत जातो आणि ओढताना करंगळीवर वळ उठतो. कडीजवळ शिलाईशिवाय एक रिबीटही ठोकतो, कारण हिसका तिथेच बसतो. साखळीची कडी उघडताना दोन पकडींनी बाजूला पिळायची. फाकवली तर तिचा गोलपणा जातो आणि ती पुन्हा नीट मिटत नाही.

बाबा आता काम करत नाहीत, पण दुकानात येऊन बसतात. शिवलेल्या रांगेवरून नख फिरवतात. आज एका ठिकाणी नख अडले. काही बोलले नाहीत, पट्टा माझ्यापुढे ठेवला. मी चार टाके उसवले आणि पुन्हा घातले.

दुपारी 4.30. ताईंची जोडी. घोडेस्वार घोड्याला टोचायला बुटाला काटे बांधत, तेव्हा तळव्याखालून पट्ट्याऐवजी साखळी नेत. ती लवकर झिजत नाही. पुढे मोटारसायकलवाल्यांनीही जाड बूट आणि चामडे आपलेसे केले. 1953 च्या 'द वाइल्ड वन'मधल्या मार्लन ब्रँडोचा थाट पुढे जगभर पसरला. पण गाडीवर साखळी लोंबली तर ब्रेकच्या पायट्यात अडकू शकते. म्हणून ताईंची साखळी चपट्या कड्यांची, एकच पदर, पट्ट्यावर दर दोन बोटांवर टाचलेली. साखळीखाली माझे बोट गेले तर ती सैल आहे असे समजून मी पुन्हा टाचतो.

संध्याकाळी 6. कडा ओल्या करून लाकडाने घासल्या, काचेसारख्या झाल्या. वरून एरंडेलाचा हलका हात. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद आहे. आमच्या घुंगरांच्या पट्ट्याला मानांकन नाही, पण तो हात आमच्याकडे जिवंत आहे, म्हणून माझ्या प्रत्येक जोडीत टाचेमागच्या पट्ट्याची गाठ बाबांच्या बैलपट्ट्याचीच असते.

रात्री 8. ताईंनी बूट घातले, दुकानासमोर दोन फेऱ्या मारल्या. आवाज नाही. पैसे देताना म्हणाल्या, "दादा, घरी स्वतः करून पाहू का?"

जरूर करा. तुम्हीही करा. पहिल्या जोडीला पाठीचे कातडे, स्टीलची साखळी आणि दोन सुया घ्या. आणि माप पायाचे घेऊ नका, बूट घालून बुटाचे घ्या.