परकी नोटेचा पडता भाव

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात आणि तिथला सराफ बाजार सगळ्या खानदेशाला ठाऊक आहे. आज ‘सराफ’ म्हटले की सोन्याचांदीचा व्यापारी डोळ्यांसमोर येतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र नाणी पारखून बदलून देणारा, असा आहे. १८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला, तेव्हा बाजारात एकच एक रुपया नव्हता. चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी रुपया वेगळा आणि इतर टांकसाळींचे रुपये वेगळे. कोणत्या नाण्याला किती बट्टा बसेल, हे ठरवणे हेच सराफाचे काम होते. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच प्रमाण रुपया आला आणि हळूहळू तो बट्टा इतिहासजमा झाला. ‘हुंडणावळ’ हा जुना शब्दही पुढे कोशातच उरला.

मात्र घरची मंडळी दुबई, सिंगापूर किंवा युरोपच्या सहलीला निघाली की हाच बट्टा पुन्हा समोर उभा राहतो. जळगावचा डाळीचा व्यापारी क्विंटलमागे दहा रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो. धुळ्याचा कापूस व्यापारी वजनकाट्यावरून नजर हटवत नाही. तोच गृहस्थ रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतो आणि विमानतळावरच्या खिडकीत जो भाव लिहिला असेल त्या भावाने डॉलर घेतो. घाई असते, मुले सोबत असतात, आणि ‘कमिशन नाही’ हा फलक मनाला दिलासा देतो. दुकानात ज्याला कोणी फसवू शकत नाही, तो सहलीच्या पहिल्याच तासात हजारो रुपये सोडून देतो.

फलकावरचा भाव आणि खरा भाव

कोणत्याही चलनाचा एक मधला भाव असतो. त्याच्या खाली खरेदीचा आणि वर विक्रीचा भाव लावून चलन बदलणारा आपला नफा काढतो. ‘कमिशन नाही’ याचा अर्थ नफा नाही असा होत नाही. तो भावातच मुरवलेला असतो. म्हणून सर्वप्रथम मधला भाव माहीत करून घ्यावा. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी प्रमुख चलनांचे संदर्भ दर जाहीर करते. २०१८ पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करीत असे. हा घाऊक बाजाराचा भाव आहे. प्रवाशाला तो मिळणार नाही, पण समोरचा किती वर मागतो आहे ते कळण्यासाठी तो मापासारखा उपयोगी पडतो.

व्यापारात मालाची किंमत, हमाली, भाडे आणि कर धरून घरात पडणाऱ्या भावाला पडता भाव म्हणतात. परकी नोटेचाही पडता भावच विचारावा. “इतके डॉलर हवेत, सर्व कर व आकार धरून एकूण रुपये किती?” हा एकच प्रश्न तीन ठिकाणी विचारला, की कोण महाग आणि कोण स्वस्त हे आपोआप उघड होते.

एका कुटुंबाचा हिशेब

समजा, धुळ्याच्या चौघांच्या कुटुंबाला ३,००० डॉलर हवे आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून मधला भाव ९० रुपये धरू. म्हणजे मूळ रक्कम २,७०,००० रुपये.

गावातल्या बँकेने किंवा परवानाधारक चलन विक्रेत्याने ९१ चा भाव दिला, तर २,७३,००० रुपये होतात. त्यावर जीएसटी येतो, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का (किमान २५० रुपये) हे करपात्र मूल्य धरतात. एक लाख ते दहा लाखांमध्ये १,००० रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का धरतात. त्या मूल्यावर १८ टक्के कर लागतो. येथे तो सुमारे ३३६ रुपये होतो. पडता भाव ९१ रुपये ११ पैसे.

विमानतळावर ९७ चा भाव लागला, तर करासह २,९१,३५२ रुपये मोजावे लागतील. पडता भाव ९७ रुपये १२ पैसे. दोहोंत फरक १८,००० रुपयांचा. एवढ्यात परदेशातले हॉटेलचे एक-दोन दिवस निघतात.

क्रेडिट कार्डाचा हिशेब निराळा. अनेक कार्डांवर परकी चलनाचा साडेतीन टक्के अधिभार आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे ४.१३ टक्के. हाच खर्च कार्डाने केला तर ११,१५१ रुपये अधिक आणि पडता भाव सुमारे ९३ रुपये ७२ पैसे. अधिभार नसलेली कार्डेही मिळतात. आपले कार्ड कोणत्या प्रकारचे आहे ते निघण्यापूर्वीच बँकेला विचारावे.

किती रोख, कोणते चलन

नियमानुसार बहुतेक देशांसाठी एका प्रवाशाला एका फेरीत ३,००० डॉलरपर्यंतच नोटा मिळतात. बाकीची रक्कम प्रवासी कार्डावर घ्यावी लागते. नेपाळ व भूतानसाठी परकी चलन दिले जात नाही. चलन प्रवासाच्या ६० दिवस आधीपर्यंत घेता येते, म्हणून आदल्या रात्रीची धावपळ टाळणे शक्य असते.

दुबईला जाणाऱ्यांना एक सोपी पारख वापरता येते. दिरहम डॉलरला बांधलेला आहे: एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. डॉलरच्या भावाला या आकड्याने भागले की दिरहमचा मधला भाव निघतो. ९० च्या डॉलरला तो २४ रुपये ५१ पैसे येतो. कोणी २५.८० मागितले, तर शेकडा पाचाहून अधिक नफा घेतला जात आहे हे जागीच कळते.

थाई बाहतसारखे चलन गावात नेहमी मिळत नाही आणि मिळाले तर महाग पडते. अशा वेळी डॉलर नेऊन तिथे बदलणे परवडते की नाही, दोन्ही वाटांचा पडता भाव काढून पाहावे. बँकॉकमधील चलन दुकाने शंभराच्या कोऱ्या नोटेला लहान नोटांपेक्षा चांगला भाव देतात.

परदेशातल्या दुकानात कार्ड दिले की यंत्र कधी कधी विचारते: रुपयांत की स्थानिक चलनात? रुपये आपले वाटतात, म्हणून बोट तिकडे जाते. तिथेच चूक होते. रुपये निवडले की भाव त्या यंत्रामागची कंपनी ठरवते, आणि तो सहसा महाग असतो. नेहमी स्थानिक चलनच निवडावे. एटीएममध्येही हाच नियम.

सहल कंपनीला पैसे देतानाही सावध असावे. सहलीचा काही भाग रुपयांत व काही डॉलरमध्ये सांगितलेला असेल, तर डॉलर कोणत्या दिवसाच्या आणि कोणाच्या भावाने धरणार, हे नोंदणी करतानाच लेखी घ्यावे.

पेढीचा पैसा आणि घरची सहल

व्यापारी कुटुंबात पेढी आणि घर यांच्या तिजोऱ्या बऱ्याचदा शेजारी असतात. परकी चलनाच्या नियमात मात्र त्या वेगळ्या आहेत. एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंतची उदारीकृत योजना व्यक्तीसाठी आहे. भागीदारी पेढी, कंपनी किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांना ती लागू नाही. घरच्या सहलीचे चलन प्रवास करणाऱ्यांच्या स्वतःच्या खात्यातून घ्यावे. अज्ञान मुलांचीही स्वतंत्र मर्यादा असते. त्यांच्या अर्जावर पालक सही करतात.

टीसीएस हा खर्च नव्हे, तो आगाऊ कर आहे आणि विवरणपत्रात वळता होतो. पण तोपर्यंत पैसा अडकतो. एप्रिल २०२५ मध्ये त्याची मर्यादा सात लाखांवरून दहा लाखांवर गेली. सहल पॅकेजचे दर वेगळे असतात आणि ते अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत, म्हणून मोठी रक्कम भरण्याआधी सीएंचा सल्ला घ्यावा.

पावतीविना डॉलर

एक मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. ओळखीतून कोणी घरपोच डॉलर आणून देतो, भाव रुपयाभराने कमी सांगतो, रोख मागतो आणि पावती देत नाही. कायदेशीर विक्रेता ५०,००० रुपयांहून अधिक रोख स्वीकारू शकत नाही, हे लक्षात ठेवले की असा माणूस तत्काळ ओळखता येतो. १९९९ च्या फेमा कायद्यानुसार परवानाधारकाशिवाय इतरांशी परकी चलनाचा व्यवहार करता येत नाही, आणि भंग झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. वरच्या कुटुंबाचे तीन हजार रुपये वाचतील. धोका मात्र आठ लाखांचा. शिवाय नोट खोटी निघाली तर दाद कोणाकडे मागायची?

काही जण याला हुंडीची परंपरा म्हणतात. ते योग्य नाही. पूर्वजांची हुंडी वहीत लिहिलेली असे, तिच्यावर पेढीचे नाव असे आणि ती शिकारली गेली नाही तर पेढीची अब्रू जाई. पावतीविना डॉलरला ना वही, ना नाव.

परतल्यावर

उरलेल्या नोटा परत विकताना पुन्हा बट्टा बसतो, म्हणून नेतानाच नेमके न्यावे. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंत नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. त्याहून अधिक असतील तर १८० दिवसांच्या आत बँकेला किंवा विक्रेत्याला परत कराव्यात. नाणी मात्र इथे सहसा कोणी घेत नाही, ती तिथेच खर्चून यावे. खरेदीची पावती जपावी. विमानतळावर विचारणा झाली तर तीच साक्ष देते.

जुना सराफ नाणे दगडावर वाजवून त्याचा नाद ऐकत असे आणि मगच बट्टा सांगत असे. आज नाणे वाजवावे लागत नाही; कागद, पेन्सिल आणि ‘एकूण किती?’ हा प्रश्न पुरेसा आहे. तो प्रश्न खानदेशातल्या व्यापाऱ्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. दुकानाची वही बंद करून प्रवासाची बॅग भरताना तो सोबत घ्यायचा, इतकेच.