रोख की उधार? एक्सेलच्या बिलातील गोल बटणांचे गट

धुळ्याच्या पाच कंदील परिसरातील एका सूत व्यापाऱ्याने मध्यंतरी आम्हाला पेढीवर बोलावून घेतले. तक्रार अशी, की संगणक उधारी गिळतो. सुरतेच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने तीस दिवसांच्या उधारीवर सूत उचलले होते. महिना भरत आला तेव्हा त्या भल्या माणसाने स्वतःच फोन केला, ‘हाजीसाहेब, बिलावर तर रोख लिहिले आहे. माझ्याकडे बाकी निघतच नाही, मग पैसे कशापोटी पाठवू?’ उधारीची वही काढली तर खरेच त्याच्या नावावर दमडी नव्हती. गिऱ्हाईक इमानदार म्हणून रक्कम आली. आणखी किती बिले अशी गेली, हे शोधताना पेढीवाल्यांना दोन रात्री जागाव्या लागल्या.

बिलाचा नमुना त्यांच्या पुतण्याने एक्सेलमध्ये बसवला होता. दिसायला सुरेख. कागदाच्या डोक्यावर तीन प्रश्न. भाव कोणता: रोख, तीस दिवस की साठ दिवस? गिऱ्हाईक कोठले: महाराष्ट्र की परराज्य? माल कसा जाणार: गिऱ्हाईक नेणार की ट्रान्सपोर्टने? अशी सात गोल बटणे. मुनीमजी ‘तीस दिवस’वर माऊस दाबत, बटणात काळा ठिपका उमटे. मग ‘परराज्य’ दाबत, ठिपका तेथे उमटे आणि वरचा गुपचूप नाहीसा होई. शेवटी ‘ट्रान्सपोर्ट’ दाबले की ‘परराज्य’ही पुसले जाई. मुनीमजींची नजर तोवर मालाच्या ओळींवर गेलेली असे.

सूत्रात लिहिले होते, की आकडा दोन असेल तर तीस दिवसांचा भाव, तीन असेल तर साठ दिवसांचा, अन्यथा रोख. शेवटचे बटण नेहमी मालवाहतुकीचे, म्हणजे सहावे किंवा सातवे. त्यामुळे प्रत्येक बिल ‘अन्यथा’मध्ये जाऊन पडे: भाव रोख, गिऱ्हाईक महाराष्ट्राचे. धुळे-मालेगावची रोखीची गिऱ्हाइकेच जास्त, त्यांची बिले आपोआप बरोबर निघत. म्हणून कित्येक महिने कोणाला शंका आली नाही.

कराचा घोटाळा तर याहून लपलेला. सुती सुतावर जीएसटी पाच टक्के. माल महाराष्ट्रातच राहिला तर अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा. सुरत किंवा बुऱ्हाणपूरला गेला तर पाचही टक्के आयजीएसटी म्हणून. बिलाची बेरीज दोन्हीकडे एकच येते, म्हणून चूक डोळ्यांना दिसत नाही. पण खाते चुकले की योग्य खात्यात कर पुन्हा भरावा लागतो आणि आधी भरलेला परत मागत बसावे लागते. धुळ्याहून एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्यप्रदेश. आपल्या खानदेशातल्या व्यापाऱ्याला हा प्रश्न रोजचा आहे.

आता दोष कोणाचा? संगणकाचा नाही, आणि पुतण्याचाही फार नाही. या गोल बटणांना रेडिओ बटण म्हणतात, एक्सेलमध्ये त्यांचे नाव ऑप्शन बटण. नाव आले ते जुन्या मोटारींतील रेडिओवरून. त्यावर स्टेशनांची बटणे असत, एक दाबले की आधीचे वर उसळे. ज्यांनी तो रेडिओ पाहिला नाही त्यांनी टेबल फॅन आठवावा. एक, दोन, तीन ही बटणे एकाच पट्टीत असतात, दोन दाबले की एक सुटते. पण एका पंख्याचे बटण दाबल्याने शेजारचा पंखा बंद होत नाही, कारण त्याची पट्टी वेगळी. एक्सेलच्या कागदावर आपण पट्ट्या आखून दिल्या नाहीत, तर तो सगळी बटणे एकाच पंख्याची समजतो. येथे नेमके तेच झाले होते.

पट्टी आखण्याचे साधन एक्सेलमध्येच आहे, त्याला ग्रुप बॉक्स म्हणतात. ‘डेव्हलपर’ हा भाग बहुधा लपवलेला असतो. तो ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘कस्टमाइझ रिबन’ येथे जाऊन खूण करून उघडावा. मग ‘इन्सर्ट’मधील ‘फॉर्म कंट्रोल्स’मधून आधी ग्रुप बॉक्सची चौकट काढा आणि बटणे नंतर तिच्या आत काढा. आमचा अनुभव आहे की हा क्रम पाळला तर निम्मा त्रास वाचतो. प्रत्येक प्रश्नाला एक चौकट. बटणाची अक्षरासकट सबंध आकृती चौकटीच्या आत हवी. तिचा कोपरा जरी बाहेर राहिला तरी ते बटण त्या गटाचे राहत नाही, बाहेरच्यांत जाऊन मिसळते. पुतण्याने चौकटी आखल्यावर ‘साठ दिवस’ तरीही स्वतंत्र वागत होते, ते याच कारणाने. अक्षरांची जागा उजवीकडे जरा लांबली होती.

मग गटातील कोणत्याही एका बटणावर उजवी कळ दाबून ‘फॉरमॅट कंट्रोल’मध्ये ‘सेल लिंक’ द्यावी, ती साऱ्या गटाला लागू होते. त्या घरात पहिल्या बटणाला एक, दुसऱ्याला दोन असा आकडा येतो. क्रम आपण बटणे ज्या क्रमाने काढली त्याचा. तीन प्रश्नांना तीन वेगळी घरे द्यावीत. एक चौकट उचलून दुसरीकडे चिकटवली तर नवी बटणेही जुन्याच घराला बांधलेली राहतात, घर हाताने बदलावे लागते.

भावाचे सूत्र आम्ही ‘चूज’ या फंक्शनने बदलून दिले. समजा किलोचा भाव रोख 200, तीस दिवसांचा 204, साठ दिवसांचा 208. ‘चूज’ला ते घर दाखवून पुढे हे तीन भाव क्रमाने द्यायचे. काहीच निवडले नसेल तर घरात शून्य असते आणि ‘चूज’ भावाच्या जागी चुकीचा शेरा दाखवते. पेढीवाल्यांना तो शेरा आवडला नाही. आम्हाला तो फार आवडतो. निवड राहिली तर बिल अडून बसावे, ‘अन्यथा रोख’ म्हणून पुढे जाऊ नये. आणखी एक गोष्ट: एकदा निवडलेले बटण पुन्हा दाबून रिकामे होत नाही. म्हणून नवे बिल सुरू करताना तिन्ही घरांत शून्य लिहावे, म्हणजे कालच्या गिऱ्हाइकाची उधारी आजच्याच्या अंगावर येणार नाही.

येथे आपल्या वाचकांसाठी एक बाब अधिक महत्त्वाची. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका सौद्यात दोन सौदे करण्यास मनाई केल्याचे हदीसमध्ये आले आहे. उधारीचा भाव रोखीहून जास्त ठेवण्यास बहुतेक फुकहांनी मुभा दिली आहे, पण अट अशी, की दोघे एकमेकांपासून अलग होण्यापूर्वी त्यांपैकी एकच भाव पक्का झालेला असावा. ‘लवकर दिले तर दोनशे, नाही तर दोनशे आठ, बघू’ असे म्हणून माल गाडीत चढला तर सौदा संशयाचा झाला. आणि तीस दिवसांचा सौदा ठरल्यावर गिऱ्हाईक चुकले, म्हणून आपण मागाहून ‘साठ दिवस’चे बटण दाबून भाव वाढवला, तर ते उघड व्याज आहे, मग बिलावर त्याला कोणतेही नाव द्या.

म्हणून बटण गिऱ्हाइकासमोर दाबावे आणि बिल तेथेच छापावे. निवडलेली अट बिलावर अक्षरांत उमटावी, नुसता ठिपका नको. देय तारीखही हवी. सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा आदेश आहे, लेखकाचा आणि साक्षीदारांचा उल्लेख आहे, आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही सांगितले आहे. संगणकावरचा तो कागद म्हणजे लिहून ठेवणे नव्हे, कारण पुढचे बिल उघडताच त्यावरचे सारे बदलते. छापील प्रतीवर सही घ्यावी आणि नोंद वहीत किंवा वेगळ्या पानावर उतरवावी.

ही नोंदीची पाने मात्र बटणांनी भरू नका. जळगावात मेहरूणमधील एका कारागीर भावाने, खिडक्या-जाळ्यांचे काम करणाऱ्या, आम्हाला विचारले की दोनशे कामांच्या यादीत प्रत्येक ओळीला अशी बटणे कशी लावावीत. त्यांना दर कामापुढे ‘मालासह’ की ‘नुसती मजुरी’ हे नोंदवायचे होते. लोखंड गिऱ्हाइकाचे होते की आपले, यावरच त्यांची मागची दोन भांडणे झाली होती. दोनशे ओळींना दोनशे चौकटी आखणे हा वेडेपणा आहे. त्यासाठी ‘डेटा’मधील ‘डेटा व्हॅलिडेशन’ घ्यावे, ‘लिस्ट’ निवडावे आणि दोन्ही पर्याय स्वल्पविराम देऊन लिहावेत. प्रत्येक घरात खाली उघडणारी यादी येते, तिच्यातून एकच निवडता येते, आणि ओळ खाली उतरवली की यादीही उतरते. गुगल शीट्समध्ये गोल बटणे नाहीत, पण ही यादी आहे, आणि ती फोनवरही चालते. त्या कारागीर भावाकडे संगणक नाहीच, सारा हिशेब फोनवर. मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये गोल बटणे आहेत, तेथे बटणाच्या गुणधर्मांत गटाचे नाव लिहून गट ठरवता येतो.

धुळ्याच्या पेढीवर आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मुनीमजींनी ‘तीस दिवस’ दाबले, मग ‘परराज्य’, मग ‘ट्रान्सपोर्ट’, आणि प्रत्येक वेळी वर नजर टाकून ठिपके मोजले. तीन होते. हाजीसाहेब मात्र अजून लाल वहीतही लिहून घेतात, आणि महिनाअखेरीस दोन्ही बेरजा ताडून पाहतात.