डॉक्टर, स्मरणशक्तीचं टॉनिक आहे का?

जानेवारी उजाडला की दवाखान्यात दहावी-बारावीची मुलं आईवडिलांसोबत येऊ लागतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते, "डॉक्टर, वाचलेलं लक्षातच राहत नाही. एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या."

एकदा दहावीतली एक मुलगी आईसोबत आली होती. पहाटे चारला उठायची, रात्री बारापर्यंत वाचायची आणि तरीही सराव परीक्षेत सगळं विसरायची. आईने ब्राह्मीचं सिरप आणि रोज दहा भिजवलेले बदाम सुरू केले होते. मी तिच्या पापणीच्या आतली बाजू पाहिली, ती फिकट होती. विचारल्यावर कळलं की जिना चढताना धाप लागते आणि पाळीत रक्तस्राव बराच जास्त होतो. हिमोग्लोबिन निघालं ८.४. या वयाच्या मुलीत ते किमान १२ असायला हवं.

अशी मुलगी काही अपवाद नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना आणि ३१ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असेल तर थकवा येतो, लक्ष टिकत नाही. मग घरचे म्हणतात, पोरगी आळशी झाली. म्हणून टॉनिकआधी सीबीसी ही साधी तपासणी करून घ्या. पूर्ण शाकाहारी घरातल्या मुलांचं बी-१२ तपासणंही योग्य. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी अनेक मुलं फेकून देतात, ती जेवणानंतर घ्यायला सांगा. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, लोहामुळे तसं होतं. जेवणाला लागून चहा मात्र नको. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, लिंबू पिळल्याने जास्त शोषलं जातं.

आता ब्राह्मीबद्दल. तिच्यावर चाचण्या झाल्या आहेत आणि काहींमध्ये आठवण्याच्या क्षमतेत थोडा फायदा दिसला आहे. पण त्या बहुतांशी मोठ्या माणसांवर झाल्या आणि औषध साधारण १२ आठवडे घ्यावं लागलं. परीक्षेला महिना उरलेला असताना बाटली आणून उपयोग नाही. शिवाय काहींना मळमळ, पोटात मुरडा, जुलाब होतात, हे पेपरच्या दिवशी परवडणारं नाही. ब्राह्मी म्हणून आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, हा आणखी एक घोळ. बदाम चांगलेच, पण शेंगदाणे-गुळाने बुद्धी कमी होते असं नाही आणि खिशालाही ते हलके. झोप उडवणाऱ्या गोळ्या मात्र मित्राने दिल्या तरी घेऊ नयेत. त्यांनी धडधड वाढते, झोपेचं चक्र बिघडतं.

खरं 'औषध' झोप आहे. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. १४ ते १७ वयात ८ ते १० तास झोप लागते. आमच्या या मुलीला जेमतेम चार तास मिळत होते. परीक्षेच्या काळात आठ तास अशक्य वाटले तरी सातच्या खाली जाऊ नका. पहाटे उठायचं असेल तर रात्री लवकर निजा. फोन दुसऱ्या खोलीत.

दुसरी गोष्ट अभ्यासाच्या पद्धतीची. बहुतेक मुलं धडा पुन्हा पुन्हा वाचतात, ओळी रंगवतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतं असं वाटतं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. लहानपणी आपण पाढे पाठ केले ते असेच, न पाहता म्हणून आणि चुकलं की परत म्हणून.

तेव्हा एक पान वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा, मग उघडून चुकलेलं तपासा. तेच दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने करा. सुरुवातीला आपल्याला काहीच येत नाही असं वाटून वाईट वाटतं. तरीही सोडू नका, त्या अडखळण्यातूनच पक्कं होतं.

पुरेशी झोप, जेवण आणि नॉर्मल रिपोर्ट असूनही मूल सतत उदास असेल, जेवणावरून उठून जात असेल किंवा "जगून काय उपयोग" असं बोललं, तर ते परीक्षेचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ क्रमांकाला कधीही मोफत फोन करता येतो.

त्या मुलीला लोहाच्या गोळ्या आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. निघताना आई म्हणाली, "मी सातवी शिकलेली, हिच्या विज्ञानातलं मला काही कळत नाही. मी काय मदत करणार?" मी म्हटलं, "ताई, पुस्तक तुम्ही हातात धरा. ती न बघता सांगेल, तुम्ही फक्त एखादा शब्द राहिला का ते बघा. आणि साडेदहाला दिवा बंद करा."