कुत्र्या-मांजरांचे वैद्य

गेल्या आषाढांत आपल्या संघाच्या मासिक सभेंत तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यांतील रिकाम्या जागेचा विषय निघाला असतां एका वडीलधाऱ्या सभासदांनीं असे उद्गार काढले कीं, सरकारनें पैसा खर्चून ढोरांचे डॉक्टर तयार करावे आणि त्यांनीं पुण्यास जाऊन श्रीमंतांचीं कुत्रीं कुरवाळीत बसावें, हा कोठला न्याय? सभेंत हंशा झाला. आम्हीही हंसलों, परंतु आमचें हंसणें ओठांवरचेंच होतें. कारण आमची सख्खी पुतणी नेमका हाच व्यवसाय करिते, आणि तिनें तो पत्करला त्या वेळीं आम्हीं तिला याहून कडू शब्द ऐकविले होते. महसूल खात्यांत ३४ वर्षें कारकुनी करून आतां आम्ही मोकळे आहों. तेव्हां श्रावणांत आठ दिवस तिच्याकडे जाऊन राहिलों, दवाखान्याच्या कोपऱ्यांत खुर्ची टाकून बसलों, आणि जुन्या संवयीप्रमाणें एक वही घालून आल्यागेल्याची नोंद केली. त्या वहींतील कांहीं मजकूर वाचकांपुढें ठेवितों.

आरंभीं हें सांगितलें पाहिजे कीं, पशुवैद्यकाची विद्या कुत्र्याकरितां जन्मास आलेलीच नाहीं. फ्रान्स देशांत ल्यों शहरीं क्लोद बूर्झला यानें १७६१ सालीं पशुवैद्यकाची पहिली शाळा स्थापिली, तेव्हां बुळकांडीनें युरोपांतील गोठे ओस पडत होते. लंडनची शाळा १७९१ ची; तिचें सारें लक्ष घोड्यावर, कारण लष्कर, टपाल व मालवाहतूक घोड्याच्या बळावर चालत असे. विसाव्या शतकांत मोटार आली, शहरांतून घोडा गेला, आणि घोड्यावर पोट भरणारा वैद्य हळूहळू कुत्र्या-मांजराकडे वळला. न्यूयॉर्कमध्यें लुई कमुटी नांवाच्या डॉक्टरानें तर केवळ मांजरांचाच व्यवसाय केला; हातांत पेटी घेऊन तो घरोघर जात असे. इंग्लंडांतील लहान प्राण्यांच्या वैद्यांची संस्था निघाली ती १९५७ सालीं. आपल्या मुलुखांत परळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचें आहे. आणि ज्या बुळकांडीपायीं ही विद्या निघाली, ती बुळकांडी २०११ सालीं साऱ्या जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. एवढा रोग समूळ उपटणाऱ्या विद्येस आपण अजून "ढोरडॉक्टरकी" म्हणून हिणवितों, ही गोष्ट वेगळी.

लहान प्राण्यांचा वैद्य असा निराळा पदवीधर नसतो, हें आम्हांसही ठाऊक नव्हतें. माणसांच्या डॉक्टरकीकरितां जी 'नीट' परीक्षा, तीच येथेंही द्यावी लागते. पुढें साडेपांच वर्षांचा अभ्यास, त्यांत शेवटचें वर्ष प्रत्यक्ष कामाचें. गाय, म्हैस, शेळी, घोडा, डुक्कर, कोंबडी, कुत्रें, सर्वांचीं शरीरें व रोग शिकावे लागतात. नंतर राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे नांव नोंदविल्याखेरीज व्यवसाय करितां येत नाहीं. विशेष शस्त्रक्रिया वगैरे शिकावयाची तर आणखी दोन वर्षें. आमच्या पुतणीनें खांद्यापर्यंत हात घालून आडवें आलेलें वासरूं सोडविलेलें आहे. मग ती शहरांत कां गेली? तिचें उत्तर सरळ होतें. "काका, सरकारी जागेची जाहिरात निघण्याची मीं तीन वर्षें वाट पाहिली. तोंवर खायचें काय?" त्या तीन वर्षांत तिनें दुसऱ्या डॉक्टरांच्या हाताखालीं बेताच्या पगारावर काम केलें, नंतर कर्ज काढून भाड्याच्या दोन गाळ्यांत दवाखाना घातला. क्ष-किरणाचें यंत्र, रक्त तपासण्याचें यंत्र, भूल देण्याचें यंत्र यांचे हप्ते अद्याप चालू आहेत.

आतां वहीकडे वळूं. पहिल्याच दिवशीं सकाळीं नऊपासून रात्रीं नऊपर्यंत एकवीस रोगी आले. त्यांत कुत्रीं चौदा, मांजरें पांच, ससा एक, व एका सोसायटीच्या पहारेकऱ्यानें पिशवींतून आणलेली शेळी एक. शेळी पाहून ती इतकी आनंदली कीं तिनें फी घेतली नाहीं.

मांजरांपैकीं एकास ताप आहे असें वाटून घरच्यांनीं पॅरासिटामोलची अर्धी गोळी दिली होती. हिरड्या मातकट निळ्या झालेल्या, तोंड सुजलेलें, श्वास उथळ. जी गोळी आपण पोरांस खुशाल देतों, ती मांजराचें यकृत पचवूं शकत नाहीं. तिच्या विषानें रक्तास प्राणवायु वाहून नेतां येत नाहींसा होतो. उतारा देऊन त्यास रात्रभर प्राणवायूवर ठेविलें. तें वांचलें. दोन पिल्लांस पार्व्होचा रोग होता. १९७८ पूर्वीं हा रोग जगास माहीत नव्हता. आज त्याची लस आहे, पण ती टोचलेली नव्हती. रक्ती हगवण लागते, वांत्या होतात, आणि शिरेंतून सलाईन देत चार-पांच दिवस काढावे लागतात. एक पिल्लूं तिसऱ्या दिवशीं गेलें. त्याच्या मालकानें बिलावरून आरडाओरड केली. त्याचें म्हणणें, एवढ्याशा जिवाला एवढा खर्च कसा? सुई तीच, सलाईन तेंच, टांके घालण्याचा दोरा तोच. जीव लहान म्हणून दुकानदार पैसे कमी घेत नाहीं. आम्हीं महसुलांत लोकांच्या शिव्या पुष्कळ खाल्ल्या, परंतु आमच्या पगारास त्यामुळें धक्का नव्हता. येथें शिव्याही हिच्या आणि बुडालेली उधारीही हिचीच.

पांचव्या दिवसाची नोंद मात्र आम्ही विसरणार नाहीं. दुपारीं शेजारच्या तालुक्यांतील एक शेतकरी आपला राखणीचा कुत्रा टेंपोंत घालून घेऊन आला. कुत्रा शांत होता. खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, आवाज बसून घोगरा झालेला. शेतकरी म्हणाला, "घशांत हाडूक अडकलंय, मीं दोनदां हात घालून बघितलं, घावत नाय." आमची पुतणी दारांतच थबकली. तिनें सर्वांस मागें सारलें, कुत्र्यास टेंपोंतून उतरूंच दिलें नाहीं, लांबून पांच मिनिटें पाहिलें आणि मग शेतकऱ्यास खुर्चीवर बसवून विचारूं लागली: घरांत माणसें किती? भाकरी कोण घालतो? कोणास चावला, ओरबाडलें, हात चाटले? गोठ्यांतील कोणा जनावरास दांत लागला काय? सात माणसें व एक गाभण गाय निघाली. त्याच्या बोटांवर ऊंस तोडतांना झालेलीं ओलीं खरचटणीं होतीं.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे भुंकत अंगावर येणारा, एवढेंच आपणांस ठाऊक असतें. परंतु पिसाळण्याचा एक मुका प्रकार आहे. त्यांत जबडा व घसा लुळे पडतात, आणि पाहणाऱ्यास हाड अडकल्यासारखें वाटतें. मालक मायेनें हात घालतो व लाळेंतलें विष जखमेंतून अंगांत घेतो. एकदां लक्षणें दिसूं लागलीं म्हणजे माणूस काय, जनावर काय, उपाय चालत नाहीं. मात्र लक्षणांपूर्वीं लस पूर्ण घेतली तर माणूस वांचतो, हें पाश्चरनें १८८५ सालीं दाखवून दिलें. तिनें शेतकऱ्यास तेथेंच नळाखालीं साबणानें पंधरा मिनिटें हात धुवावयास लाविलें, सातही जणांचीं नांवें चिठीवर लिहून त्यांस सरकारी रुग्णालयांत धाडलें, आणि गाईच्या लसीच्या तारखा लिहून दिल्या. कुत्रा बंद खोलींत ठेविला. दुसऱ्या दिवशीं तो मेला; मेंदूच्या तपासणींत रोग निघाला. तिनें स्वतः पूर्वींच लस घेतलेली होती, तरी लाळेचा संपर्क आल्यामुळें पुन्हां दोन सुया टोचून घेतल्या. त्या दिवसाची फी वहींत शून्य आहे.

त्या रात्रीं ती जेवली नाहीं. आम्हांस वाटलें, भीति. ती म्हणाली, "भीति नाहीं काका. सकाळीं पंधरा वर्षांच्या एका म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटची सुई दिली, त्याच्या आजीबाई माझ्या खांद्यावर रडल्या, आणि लगेच पुढच्या पिल्लाचा वाढदिवस म्हणून हंसून बोलायचं होतं." दयामरण देणें हा या व्यवसायाचा नित्याचा भाग आहे, माणसांच्या डॉक्टरास हें काम आपल्या देशांत करावें लागत नाहीं. अमेरिकेंत १९७९ ते २०१५ या काळांतील पशुवैद्यांच्या मृत्यूंची छाननी झाली, तींत ३९८ जणांनीं आत्महत्या केल्याचें आढळलें. त्यांतील सुमारें तीन चतुर्थांश लहान प्राण्यांचे वैद्य होते, आणि स्त्री-वैद्यांत हें प्रमाण सामान्य स्त्रियांच्या साडेतीनपट होतें. कामाचे लांब तास, कर्जाचें ओझें, लोकांची बोलणीं, व प्राणघातक औषध हाताशीं असणें, अशीं कारणें तज्ज्ञ सांगतात. हें वाचून आम्हीं आठ वर्षांपूर्वीं उच्चारलेले ते शब्द आमचे आम्हांसच टोंचले. निघतांना आम्हीं तिला तसें सांगितलें. ती म्हणाली, "तुम्ही वही घालून बसलात, त्यांत सगळं आलं."

सभासद महाशयांचें अर्धें म्हणणें खरेंच आहे. तालुक्याची जागा रिकामी आहे आणि घटसर्पाच्या दिवसांत गाय घेऊन कोठें जावें हा आपला प्रश्न सुटलेला नाहीं. परंतु तो जागा न भरणाऱ्यांस विचारावयाचा आहे. जी मुलगी पुण्यास बसून एका शेतकऱ्याचीं सात माणसें वेळेवर रुग्णालयांत पोंचविते, तिच्या पदरीं तो दोष घालतां येत नाहीं.

पुतणीनें मार्गशीर्षांत एका रविवारीं आपल्या गांवीं येऊन राखणीच्या कुत्र्यांस लस टोचण्याचें कबूल केलें आहे. कुत्रें तीन महिन्यांचें झालें म्हणजे पहिली सुई, पुढें दरसाल एक. आणतांना गळ्यांत पट्टा व तोंडास मुसकें असावें, आणि ज्याच्या हातचें तें खातें त्या माणसानेंच आणावें. वय, मागील लशीची तारीख, गेल्या पंधरवड्यांत कोणास चावलें असल्यास तें, एवढें कागदावर लिहून आणिल्यास वेळ वांचेल. लिहितां न येणाऱ्यांकरितां आम्ही वही घेऊन चावडीच्या ओट्यावर सकाळीं सातपासून बसूं.